वाचकांचे प्रश्न : अधिकार कोणाचा आणि कोणावर?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच शब्दाभोवती फिरतात, आणि तो शब्द म्हणजे ‘अधिकार’. ख्रिस्ती मंडळीचा (म्हणजे चर्चचा) अधिकार, पाळकांचा (तिच्या धर्मसेवकांचा) अधिकार, साध्या विश्वासणाऱ्याचा अधिकार. त्यामुळे इतर विषयांची पत्रे पुढील अंकासाठी ठेवून आजचे सदर याच प्रश्नांना दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या प्रार्थनागटात शिकवले जाते की, प्रत्येक विश्वासणाऱ्याला आजारावर आणि दुरात्म्यांवर अधिकार मिळालेला आहे, त्याने येशूच्या नावात फक्त आज्ञा करायची. माझ्या आईच्या आजारासाठी मी आठ महिने तशी आज्ञा करत आहे. तिला गुण आलेला नाही. आता मला सांगितले जाते की, तुमचा विश्वास कमी पडतो. माझे कोठे चुकते?

उत्तर : तुमचे काही चुकले आहे असे तुमच्या पत्रावरून मला दिसत नाही. तुम्हाला दिलेल्या शिकवणीत मात्र एक महत्त्वाचा धागा सुटला आहे.

आधी त्या शिकवणीतले खरे ते मान्य करू. लूकच्या दहाव्या अध्यायात सत्तर शिष्य (काही प्राचीन प्रतींत बहात्तर) मोठ्या आनंदाने परत येतात आणि प्रभूच्या नावाने भुतेही आपल्याला वश होतात असे सांगतात. येशू त्यांचा अनुभव खोटा ठरवत नाही. साप आणि विंचू यांना तुडवण्याचा अधिकार मीच तुम्हाला दिला आहे, असे तो म्हणतो. पण लगेच पुढच्याच वाक्यात तो त्यांना अडवतो. भुते वश होतात याचा आनंद मानू नका, तर तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. म्हणजे अधिकार खरा आहे, आणि तरीही तो मिरवण्याची वस्तू नाही. पुष्कळ सभांमध्ये या उताऱ्याचा पूर्वार्ध मोठ्याने वाचला जातो आणि उत्तरार्धापाशी पोहोचेपर्यंत वेळ संपलेली असते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता तो सुटलेला धागा. नव्या करारात दोन वेगळे ग्रीक शब्द येतात : ‘एक्सुसिया’ म्हणजे अधिकार आणि ‘दुनामिस’ म्हणजे सामर्थ्य. लूकच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात बारा जणांना दोन्ही दिल्याचे लिहिले आहे, म्हणजे लेखकाला ते एकच वाटत नव्हते. सामर्थ्य अंगी असते. अधिकार दुसऱ्याने सोपवलेला असतो, आणि ज्याने सोपवला त्याच्या मर्जीपलीकडे तो जात नाही. कफर्णहूमच्या शताधिपतीला, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याला, हे जितके नेमके कळले होते तितके त्या वेळी शिष्यांनाही कळलेले दिसत नाही. आपला चाकर बरा व्हावा म्हणून तो येशूकडे येतो आणि म्हणतो की, मीही ताबेदार माणूस आहे, आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. एकाला ‘जा’ म्हटले की तो जातो, दुसऱ्याला ‘ये’ म्हटले की तो येतो. वाक्याचा क्रम पाहा. हा सैनिक आधी आपण कोणाच्या ताब्यात आहोत ते सांगतो आणि मग आपल्या ताब्यात कोण आहे ते सांगतो. शिपाई त्याचे ऐकतो ते त्याच्या मनगटाच्या जोरामुळे नव्हे. त्याच्यामागे रोम उभे असते म्हणून. आणि याच कारणाने, वरून हुकूम आलेला नसताना तो आपली तुकडी हव्या त्या गावावर पाठवू शकत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतील एकोणिसावा अध्याय याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो, आणि तीही थोड्या गमतीने. इफिस येथे स्किवा नावाच्या मुख्य याजकाचे सात पुत्र प्रेषित पौलाचे ऐकून येशूचे नाव मंत्रासारखे वापरू लागले. दुरात्म्याने उत्तर दिले की, येशूला मी ओळखतो, पौलही मला माहीत आहे, पण तुम्ही कोण? त्या एका माणसाने सातही जणांना असे चोपले की ते उघडेनागडे आणि घायाळ होऊन घरातून पळाले. शब्द बरोबर होते. ज्याचे नाव ते घेत होते त्याच्याशी त्यांचे नाते नव्हते.

आता तुमच्या आईचा आजार. ज्या इफिसमध्ये हे घडले तेथेच पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते, असे त्याच अध्यायात लिहिले आहे. आणि तोच पौल आपला सहकारी तीमथ्य याला दुसऱ्या पत्रात कळवतो की, त्रफिम या सोबत्याला मी मिलेतात आजारी सोडून आलो. बस्स, एवढेच वाक्य. त्रफिमाचा विश्वास कमी पडला, की पौलाने आज्ञा करण्यात कसूर केली, याबद्दल अक्षरही नाही. तीमथ्याच्या पोटाच्या आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांवर तो थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. स्वतःच्या शरीरातील ‘काटा’ (त्याला छळणारी पीडा) दूर व्हावा म्हणून तो तीनदा विनवणी करतो आणि त्याला ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ या आशयाचे उत्तर मिळते. या माणसाला अधिकाराची शिकवण कमी मिळाली होती असे कोण म्हणेल?

याकोबाच्या पाचव्या अध्यायाचा आधार तुमच्या गटातही घेतला जात असेल. तेथे आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे तिच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना) बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील असे म्हटले आहे. प्रार्थना करणारे वडील आहेत. विश्वासाचे ओझे अंथरुणावरच्या माणसावर टाकलेले नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडले जाते, तेव्हाही येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो, त्या चौघा उचलणाऱ्यांचा. आणि त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो बाप, ज्याच्या मुलाला बरे करण्यात शिष्य अपयशी ठरले होते, तो तर उघडच म्हणतो की, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याला कोणी परत पाठवले नाही.

म्हणून गुण न येण्याचे खापर आजाऱ्यावर किंवा तिच्या लेकीवर फोडणे हे मला निर्दयपणाचे वाटते, आणि पवित्र शास्त्रात त्याला आधार नाही. मंडळीच्या वडिलांना घरी बोलवा, त्यांना तुमच्या आईपाशी बसून प्रार्थना करू द्या. तुम्हीही करा, आज्ञेच्या स्वरात करावीशी वाटली नाही तर विनंतीच्या स्वरात करा. औषधोपचार कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक हा वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो.

प्रश्न : ‘मी तुला बांधतो’ अशी प्रार्थना सर्रास ऐकू येते. मत्तयाच्या १६ व्या आणि १८ व्या अध्यायांत जे बांधणे आणि सोडणे आहे ते हेच का?

उत्तर : हे दोन्ही उतारे त्याबद्दल नाहीत. ‘बांधणे’ आणि ‘सोडणे’ ही यहूदी धर्मगुरूंच्या रोजच्या वापरातली जोडी होती. एखादी गोष्ट नियमाने मना आहे असे ठरवणे म्हणजे बांधणे, आणि मुभा आहे असे ठरवणे म्हणजे सोडणे. १८ व्या अध्यायात तर संदर्भ स्पष्टच आहे. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याची समजूत घाला, ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना न्या, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगा, आणि त्यानंतर हे वचन येते. ‘दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तेथे मी आहे’ हे वचनही याच कारवाईच्या शेवटी आहे, जरी आपण ते सभेला उपस्थिती कमी असली की आठवतो. मूळ ग्रीक क्रियापदांचा काळही असा आहे की, ‘स्वर्गात आधीच बांधलेले असेल’ असाही त्याचा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात. म्हणजे मंडळी निर्णय घेते तेव्हा ती स्वर्गाला आदेश देत नसते, तर तेथे ठरलेले येथे जाहीर करत असते.

सैतानाला बांधण्याच्या प्रार्थनेला आधार शोधायचाच झाला तर तो मार्कच्या तिसऱ्या अध्यायात, बलवान माणसाला आधी बांधून मग त्याचे घर लुटण्याच्या दाखल्यात सापडेल. पण तेथे बांधणारा येशू स्वतः आहे. यहूदाच्या पत्रात आद्यदेवदूत मीखाएलही सैतानाशी वाद घालताना स्वतः दोषारोप करत नाही. ‘प्रभू तुला धमकावो’ एवढेच म्हणतो. अशी प्रार्थना करणाऱ्यांच्या श्रद्धेवर मी शंका घेत नाही. फक्त मीखाएलाला जे धाडस झाले नाही ते आपल्या तोंडी इतक्या सहज यावे का, एवढा विचार व्हावा.

प्रश्न : स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या एकट्या पेत्राला दिल्या, सर्व प्रेषितांना दिल्या, की सर्व मंडळीला? निरनिराळ्या पंथांचे लोक निरनिराळे सांगतात.

उत्तर : निरनिराळे सांगतात, कारण ते खरोखरच निरनिराळे मानतात, आणि हा भेद आजचा नाही. रोमन कॅथलिक शिकवणीप्रमाणे किल्ल्या पेत्राला दिल्या आणि रोमचा बिशप हा त्याचा उत्तराधिकारी आहे. पोप श्रद्धा आणि नीती यांविषयी आपल्या पदावरून अंतिम व्याख्या करतात तेव्हा ते अचूक असतात, हा सिद्धांत १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केला. ऑर्थोडॉक्स मंडळ्या पेत्राला प्रेषितांमध्ये पहिला मान देतात, पण हा अधिकार सर्व प्रेषितांना आणि त्यांच्यामागून सर्व बिशपांना समान मिळाला असे मानतात. प्रोटेस्टंट परंपरेत भर पेत्राच्या व्यक्तीवर नसून, येशू हा ख्रिस्त आहे या त्याने दिलेल्या कबुलीवर आहे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत तर किल्ल्या म्हणजे काय याचे सरळ उत्तर दिले आहे : सुवार्तेचा उपदेश आणि ख्रिस्ती शिस्त.

मला यातली सर्वांत लोभस नोंद प्राचीन मंडळीतील थोर धर्मपंडित ऑगस्टीन याची वाटते. उतारवयात आपल्याच लिखाणाची उलटतपासणी करताना तो लिहितो की, ‘या खडकावर मी माझी मंडळी रचीन’ या, किल्ल्यांच्या आधीच येणाऱ्या वाक्यातील खडकाचा अर्थ मी एकदा पेत्र असा केला आणि नंतर अनेकदा ख्रिस्त असा केला. दोहोंपैकी कोणता अधिक संभवनीय ते वाचकाने ठरवावे. ज्याच्या मताला एवढे वजन, त्याने निवाडा वाचकावर सोडला.

पंथ कोणताही असो, किल्लीची प्रतिमा कोठून आली ते मात्र सर्वांनी वाचावे. यशयाच्या २२ व्या अध्यायात राजवाड्याचा कारभारी शेबना याला पदावरून काढले जाते आणि दावीदाच्या घराण्याची किल्ली एल्याकीमाच्या खांद्यावर ठेवली जाते. तो उघडील ते कोणी बंद करणार नाही आणि बंद करील ते कोणी उघडणार नाही. शेबनाचा दोष काय? त्याने उंचावर खडक खोदून स्वतःसाठी भव्य कबर तयार करवली होती. किल्ली राजघराण्याची, कारभारी नेमलेला, आणि त्याने त्या पदावर बसून स्वतःचे स्मारक उभारले. किल्लीदाराला काढताही येते, हे त्या प्रतिमेतच आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीत जमाखर्चाचा हिशेब मागितला असता पाळकसाहेबांनी ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन वाचून दाखवले. हिशेब मागणे म्हणजे देवाच्या सेवकाचा अवमान आहे का?

उत्तर : नाही. आणि ते वचन तुमच्या पाळकसाहेबांनी पूर्ण स्तोत्रासह वाचले असते तर बरे झाले असते. स्तोत्र १०५ मध्ये अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या कुटुंबाबद्दल बोलणे चालले आहे. ते संख्येने अगदी थोडे, परके, एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात भटकणारे होते, आणि त्यांच्यासाठी देवाने राजांना बजावले की, माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. म्हणजे हे वाक्य सत्ताधाऱ्यांना उद्देशून, दुबळ्यांच्या बचावासाठी उच्चारलेले आहे. ते उलटे करून सभासदांवर रोखणे म्हणजे ढालीची तलवार करणे होय. शिवाय योहानाचे पहिले पत्र सांगते की, अभिषेक सर्व विश्वासणाऱ्यांना झालेला आहे.

दावीद आणि शौल यांचेही उदाहरण याच प्रसंगी दिले जाते. आपल्या मागावर असलेल्या शौल राजावर दावीदाने एन-गेदीच्या गुहेत हात टाकला नाही हे खरे. पण गुहेतून बाहेर येऊन त्याने शौलाला मोठ्याने हाक मारली, त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून दाखवला आणि सगळ्यांसमक्ष विचारले की, तुम्ही माझ्या जिवावर का उठला आहात? हात न लावणे वेगळे आणि प्रश्न न विचारणे वेगळे. पुढे दावीद स्वतः राजा झाला तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याच्या पापाबद्दल त्याच्या तोंडावर ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हटले. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमोर विरोध केला, आणि गलतीकरांच्या पत्रात ते लिहूनही ठेवले.

पैशाबाबत तर पौलाची रीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना तो तीताबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक बंधू पाठवतो, आणि कारण देतो की, या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये, म्हणून प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आम्ही पाहतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेल्या ‘दिदाखे’ या पुस्तिकेत (तिची संपूर्ण हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये सापडली) फिरत्या संदेष्ट्यांबद्दल याहून रोखठोक नियम आहे : जो आत्म्याच्या नावाने पैसे मागतो तो खोटा संदेष्टा.

तरीही तुम्ही मागणी कशी करता यालाही महत्त्व आहे. वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नये, असे पौल तीमथ्याला सांगतो, आणि ही अट पाळकांच्या नावावर उगाच चिखल उडू नये म्हणूनच आहे. हिशेब मागणे हा आरोप नाही. तो लेखी मागा, कमिटीकडे मागा, आणि कुजबुज टाळा.

प्रश्न : माझ्या मुलांचा बाप्तिस्मा ज्या पाळकांनी केला त्यांचे नंतर गंभीर गैरवर्तन उघड झाले. तो बाप्तिस्मा ग्राह्य आहे का? पुन्हा करावा का?

उत्तर : ग्राह्य आहे, पुन्हा करण्याची गरज नाही. तुमच्या मनातली अस्वस्थता मी समजू शकतो, आणि चौथ्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती लोकांनाही ती समजली असती. ३०३ साली सुरू झालेल्या छळात काही बिशपांनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. छळ संपल्यावर डोनॅटस याच्या अनुयायांनी भूमिका घेतली की, अशांच्या हातून झालेले संस्कार रद्द समजावेत. ३१४ च्या आर्ल परिषदेने ती मान्य केली नाही. पुढे ऑगस्टीनने त्यामागचा विचार स्पष्ट केला : पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्तच, आणि येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. त्याने दगडी पाटाचा दाखला दिला आहे. पाटातून पाणी वाफ्यांत जाते. पाटाच्या दगडाला काहीही उगवत नाही, पण बाग फळते.

मात्र याचा आधार घेऊन कोणी त्या माणसाला पदावर राहू देऊ पाहत असेल, तर ते मान्य करू नका. संस्कार खरा ठरतो तो ख्रिस्तामुळे, आणि तेवढ्याने सेवक निर्दोष ठरत नाही. गुन्हा घडला असेल तर तो पोलिसांपुढे गेलाच पाहिजे. मंडळीची शिस्त ही त्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : पाळक वेळेवर येऊ शकत नसतील तर मरणोन्मुख व्यक्तीला साधा विश्वासणारा बाप्तिस्मा देऊ शकतो का?

उत्तर : होय. ज्या कॅथलिक मंडळीत याजकपदाला एवढे महत्त्व आहे तिच्याही नियमांप्रमाणे अशा निकडीच्या वेळी कोणीही, अगदी स्वतः बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा, योग्य हेतूने पाणी घालून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. एरवी मात्र ही सेवा नेमलेल्या व्यक्तीनेच करावी असे बहुतेक मंडळ्या मानतात. सर्व विश्वासणारे याजक आहेत हे ठासून सांगणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये यासाठी एक उपमा दिली. राजाचे दहा पुत्र, सगळे सारखेच वारस; ते आपल्यापैकी एकाला सर्वांच्या वतीने कारभार पाहण्यास निवडतात. आणि जे सर्वांचे आहे ते इतरांच्या संमतीशिवाय एकट्याने हाती घेऊ नये, असेही तो म्हणतो.

प्रश्न : आमचे पाळक सांगतात की, लग्न, नोकरी, स्थलांतर यांसाठी त्यांची परवानगी हवी, कारण इब्री लोकांस पत्र १३:१७ मध्ये अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा असे आहे. मी त्यांनी नको म्हटलेली नोकरी स्वीकारली तर ते बंड ठरेल का?

उत्तर : त्या वचनात वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ भाव ‘समजावल्यावर पटवून घेणे’ असा आहे, आणि त्याच वचनाच्या उत्तरार्धात पुढाऱ्यांना आपला हिशेब द्यावा लागणार आहे असेही म्हटले आहे. पाळकांचा अधिकार वचन शिकवण्याचा, सावध करण्याचा, पापाबद्दल बोलण्याचा आहे. प्रामाणिक नोकरी या शहरात करावी की त्या, हे त्यात येत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत काही शिक्षकांनी प्रत्येक विश्वासणाऱ्याने एका ‘मेंढपाळाच्या’ छायेत राहून असे निर्णय त्याला विचारून घ्यावेत अशी शिकवण पसरवली. तिच्यातून एवढी दडपशाही वाढली की, तिच्या प्रमुखांपैकी एकाने पुढे जाहीर क्षमा मागितली.

पाळकांचा सल्ला जरूर घ्या. ते तुम्हाला ओळखतात आणि तुम्हाला न दिसणारे काही त्यांना दिसत असेल. मग निर्णय तुम्ही घ्या आणि त्यांना तो आदराने सांगा. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अगदी शेवटी, जेथे आपण सहसा वाचायचे थांबतो, एक बारीकशी नोंद आहे. अपुल्लोसाने तुमच्याकडे यावे म्हणून मी त्याला पुष्कळ विनवले, पण आता यायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. सवड झाली की येईल, असे तेथे म्हटले आहे. विनवणारा प्रेषित पौल होता. अपुल्लोस नाही म्हणाला, आणि पौल त्याचा उल्लेख ‘आपला बंधू’ असाच करतो.